अंगठा

मंगळवार, रात्री सव्वाअकरा

ही झोपली आहे. मीही पडलो होतो, पण पाऊण तास कूस बदलून झाल्यावर उठलो आणि स्वयंपाकघरात येऊन बसलो. झालेलं काहीच नाही, हे आधीच लिहून टाकतो. कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही, दारावर दगड पडला नाही. एक अंगठा गेला, तोही माझ्याच हातून.

दुपारी डबे खाऊन झाल्यावर ऑफिसच्या ग्रुपवर साहेबांनी एक विनोद टाकला. सगळा उतरवत नाही, तसले विनोद फिरतच असतात. पाद्री, गरीब माणूस, तांदळाचं पोतं, आणि पोतं संपलं की तो माणूस परत देवळाच्या रांगेत. साहेबांचं काही आलं की आम्ही हसरा चेहरा नाहीतर अंगठा टाकतो. मस्टरवर सही करावी तसं. अकरा जणांचं झालं होतं, माझा बारावा.

न वाचता दिला, असं दुपारपासून स्वतःला सांगून पाहतोय. पण वाचला होता. 'पोतं' या शब्दापाशी पोटात खड्डा पडला, तो नीट आठवतोय. आधी खड्डा पडला आणि मग बोट खाली गेलं. क्रम हाच होता.

सव्वातीनला चहाच्या वेळी परत उघडलं आणि अंगठा काढून टाकला. दिला तेव्हा कुणी पाहिलं नाही, काढला तेव्हाही नाही. बाराव्या अंगठ्याकडे कोण बघतो?

माझ्या नावात काही नाही. नाव मराठी, बापाचं नाव मराठी, आडनाव गावावरून पडलेलं. डिसोझा किंवा फर्नांडिस असतो तर साहेबांनी तो विनोद टाकलाच नसता, किंवा टाकून मग 'तुम्हाला नाही हं' म्हणाले असते. मी ख्रिस्ती आहे हे ऑफिसात दोघांना माहीत आहे. त्यातल्या एकाचा हसरा चेहरा चौथा होता. त्याचं काय ते नंतर.

हे आजचंच नाही. पुण्यात आलो तेव्हा भाड्याचं घर बघत फिरत होतो. मालकीणबाईंनी सरबत दिलं आणि हळूच विचारलं, "तुमच्यात काय?" मी म्हणालो, "आम्ही नगरचे." हिनं माझ्याकडे पाहिलं, मी सरबताकडे. घर मिळालं. त्या वर्षी नाताळचा तारा आम्ही आतल्या खोलीत लावला. मुलगी लहान होती, तिला वाटलं तारा आतच लावतात. मालकीणबाई चांगल्या होत्या तशा, त्यांना कळलं असतं तरी काही बोलल्या नसत्या बहुतेक. तो 'बहुतेक' मी कधी तपासून पाहिला नाही. आता तर नगरचंही अहिल्यानगर झालं, म्हणजे माझं ते उत्तरही जुनं झालं.

आणि नेमकं परवाच्या रविवारी, उपवासकाळातला दुसरा रविवार, पाळकसाहेबांनी चर्चात मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय घेतला. येशू म्हणतो, माझ्यामुळे लोक तुमची निंदा करतील, छळ करतील, लबाडीनं तुमच्याविरुद्ध वाईट बोलतील, तेव्हा तुम्ही धन्य. मी तिसऱ्या बाकावर मान डोलावत होतो. डोलावताना डोळ्यांपुढे कोण होतं? मी नव्हतो. तिकडचे लोक होते.

तिकडचे म्हणजे ओडिशातले. १९९९ च्या जानेवारीत मी नुकता नोकरीला लागलो होतो. मनोहरपूरला ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं गाडीत झोपली होती, गाडीसकट जाळली. एक मुलगा दहा वर्षांचा, एक सहा. कुष्ठरोग्यांत काम करणारा माणूस. त्यांच्या पत्नीनं 'मी क्षमा केली' असं सांगितलं तेव्हा आमच्या मंडळीत सगळे रडले आणि आई घरी येताना म्हणाली, "मला नसतं जमलं बाबा." मग २००८ साली तिथल्याच कंधमालात ख्रिस्ती लोकांवरचे हल्ले. माणसं पोरंबाळं घेऊन रानात पळाली, महिनोन् महिने छावण्यांत राहिली. त्यांच्या शेजारी जाऊन मी काय सांगू? माझ्यावर विनोद झाला? माझा छळ बारा जणांनी केला आणि त्यातला एक मी होतो?

आमच्या नगराकडे टिळकांचं नाव घेतल्याशिवाय संदेश पुरा होत नाही. १८९५ सालच्या १० फेब्रुवारीला कवी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, ही तारीख आम्हाला संडेस्कूलपासून पाठ. मला मात्र लहानपणापासून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचंच जास्त वाटत आलंय. निर्णय त्यांचा नाही, पण भोग सगळे त्यांच्या वाट्याला. वर्षानुवर्षं नवऱ्यापासून लांब, लोक काहीबाही बोलणारे, पदरात लहान मूल. पुढे नवऱ्याकडे आल्या तरी सोवळं सुटलेलं नव्हतं, आणि ते त्यांनी कुणापासून लपवलं नाही. सुटलं तेही उघड्यावर. जेव्हा जे होत्या, ते होत्या. मी पन्नाशीला आलो तरी सरबताच्या पेल्यात बघतोय.

पेत्राचं नाव काढायचं नाही असं ठरवून लिहायला बसलो होतो. आमच्यात कुणी जरा कच खाल्ली की लगेच येशूला ओळखतच नाही म्हणणारा पेत्र आणि त्याचा कोंबडा. पण पेत्राला निदान कुणीतरी विचारलं होतं. शेकोटी होती, दासी होती, तिनं निरखून पाहिलं, 'तूही त्याच्याबरोबर होतास' असं तोंडावर म्हणाली. मला कुणी काहीच विचारलं नाही. न विचारताच मी नाही म्हणून मोकळा.

साडेबारा. झोपतो. झोप येणार नाहीच.

बुधवार, रात्री दहा

दिवसभर साहेबांशी नेहमीसारखंच बोललो. त्यांनी माझ्या टेबलाशी उभं राहून मुलीच्या अ‍ॅडमिशनची चौकशी केली, ओळखीतल्या कुणाचा तरी नंबर दिला. वाईट माणूस असता तर सोपं झालं असतं.

रिक्षात बसून एक हिशेब मात्र डोक्यात चालू झाला. पोत्याचा. त्या विनोदात आम्ही काहीतरी कमावलेलं असतं ना, मग काय कमावलं ते मांडून बघू. खापरपणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावानं बलुतं बंद केलं, हे एक. आपल्याच भाऊकीनं पंगतीतून उठवलं, हे दोन. पुढे १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश आला, त्यात ख्रिस्ती माणूस अनुसूचित जातीत बसत नाही. भाऊकी ५६ नंतर बौद्ध झाली, त्यांच्यासाठी केंद्रानं तो आदेश १९९० साली दुरुस्त केला. चांगलंच झालं, व्हायलाच हवं होतं. आमचं तसंच राहिलं. गावात त्यांचं आणि आमचं घर एकाच ओळीत, पाणी यायचं ते एकाच नळाला, आणि वरच्या आळीत दोघांनाही चहा त्याच वेगळ्या कपातून. म्हणजे बाप्तिस्म्यानं जात गेली ती फक्त दाखल्यावरून. पोतं कुणी कुणाला दिलं, बघा. दादांना याचा फार राग होता. त्यांचं जाऊ दे.

हिशेब करून बरं वाटलं थोडं. मग लक्षात आलं की मी साहेबांना मनातल्या मनात उत्तरं देतोय, तीही एक दिवस उशिरा, रिक्षात, मास्क लावून.

नऊ वाजता आईला फोन केला. सलाम झाला, गुडघे झाले, शेजारच्या म्हशीचं झालं. मग मी म्हटलं, ऑफिसात एकानं असं असं लिहिलं. तांदळाच्या पोत्याचं.

"कशाचं?"

"तांदळाचं, आई. तांदळासाठी ख्रिस्ती झाले म्हणून."

तिकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मला वाटलं, उगाच सांगितलं, म्हातारीच्या जिवाला लागलं. आणि मग ती एकदम म्हणाली, "आरं पण आपल्याकडं तांदूळ होता कुठं?"

तिला ते खरंच पटेना. शेवगाव तालुक्यात तांदूळ? तांदूळ म्हणजे सणाचा, पाहुण्याचा, नाहीतर आजाऱ्याच्या पेजेचा. तुझा खापरपणजा त्या मोठ्या दुष्काळात मिशनच्या विहिरीच्या कामावर गेला, पोराला कडेवर घेऊन, तर मजुरी मिळायची ज्वारीत. ज्वारीत! तांदूळ कोण देतंय? त्या माणसाला म्हणावं, आधी नीट माहिती काढ. आईला विनोदातली चूक लागली होती, अपमान लागलाच नव्हता.

आणि मग तिला बहात्तर आठवलं. मी पोटातही नव्हतो तेव्हाचा दुष्काळ. खडी फोडायच्या कामावर सगळा गाव, आणि रेशनला अमेरिकेहून आलेली लाल मिलो. भाकरी थापली की कडा फुटायच्या, रंग असा की जनावरानंही तोंड फिरवावं. "पाटलाच्या घरात खाल्ली, वाण्याच्या घरात खाल्ली, म्या बी खाल्ली. अमेरिकेचीच होती ना? मग बाटलं का कुणी? एकजण तरी आला का चर्चात?"

मी इतका हसलो की ही बाहेरून बघायला आली. आईही हसत होती, खोकला येईपर्यंत. सगळ्या जिल्ह्यानं अमेरिकेचं धान्य खाल्लं आणि पाळकसाहेबांचे बाक रिकामेच. पाटलांच्या घरातले कुणी साहेबांच्या ग्रुपवर असतील तर त्यांनीही अंगठा दिला असेल.

हसता हसता खापरपणजोबांचं मनात आलं. ज्वारी खरंच मिळत होती की. ती मिळाली नसती तर गेले असते का तिकडे? माहीत नाही. पोराला कडेवर घेतलेल्या माणसाला आधी भूक दिसली असेल की येशू, हे मी पुण्यात बसून कसं सांगू? दुष्काळ सरला, विहिरीचं काम संपलं, ज्वारीही थांबली. ते मात्र परत गेले नाहीत. बलुतं बंद झालेल्या गावातच राहिले आणि विचारणाऱ्याला नाव सांगत राहिले. एवढं मला माहीत आहे.

आई म्हणाली, ज्वारीवरून आठवलं, पुण्याच्या पिठाला चव नाही, रविवारी ये आणि पाच किलो घेऊन जा, दळून ठेवते. मी बरं म्हटलं. फोन ठेवता ठेवता तिनं विचारलं, "मग त्या माणसाला तू काय म्हणालास?"

"काही नाही."

"बरं केलंस. आपण कशाला तोंडाला लागायचं? सोसायचं अन् गप बसायचं. देव बघतो."

तिला वाटलं, मी सोसलं.

अंगठ्याचं सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे, ठेवलं.