फडकंच की

रात्रीचे पावणेबारा. आज आठव्या दिवशी नळाला पाणी येणार आहे, म्हणून जागं राहायचंच होतं. एरवीही झोप आली नसती.

प्रदर्शनाचा आज शेवटचा दिवस होता. माझ्या कापडी पॅडचे सहा संच गेले. त्यातले दोन आमच्याच सुनंदाबाईंच्या जावेनं घेतले, म्हणजे खरे चारच. शेजारच्या टेबलावरची शेंगदाण्याची चटणी दुपारी दोनलाच संपली आणि त्या बाई उरलेला वेळ माझ्याकडे बघत बसल्या. त्याचं मला काही नाही. (आहे, पण आज तो विषय नाही.)

चारच्या सुमाराला एक म्हातारी आली. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात नातवाची शाळेची बाटली. तिला बहुतेक फक्त पिशवी टेकवायला जागा हवी होती, कारण ती तिनं थेट माझ्या आयएस १७५१४ वर ठेवली. धुऊन वापरायच्या पॅडसाठी २०२१ मध्ये आलेलं हे सरकारी मानक. त्याचा कागद मी लॅमिनेट करून सगळीकडे नेते, कुणीतरी विचारेल म्हणून. आजवर कुणी विचारलेलं नाही. पिशवीत मेथी होती.

तिनं एक पॅड उचललं. उलटं केलं, शिवण ओढून पाहिली, टिचबटण दोनदा लावून काढलं. माझं भाषण सुरू झालंच होतं. वर होजिअरी, मधे फ्लॅनेलचे चार थर, खाली पीयूएल, म्हणजे पाणी न झिरपणारं कापड, डाग बाहेर जात नाही, आधी गार पाण्यात भिजवायचं, गरम पाणी घातलं तर डाग बसतो, नीट वापरलं तर दोन-तीन वर्षं बघायला नको. ती ऐकतेय असं मला वाटत होतं.

"फडकंच की गं हे."

"नाही मावशी, यात खाली..."

"फडकंच. आमी काय दुसरं वापरलं व्हय? आन् चार फडकी साडेचारशेला विकायलीस."

राग नव्हता, थट्टाही नव्हती. वांग्याचा भाव ऐकून म्हणतात तसं म्हणाली. मग पॅड अंगठ्यानं दाबून, "एवढं जाड, वाळतं कवा?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता मेथी उचलून गेली.

तेव्हापासून डोक्यात तेच. फडकं.

येताना रिक्षात उत्तरं सुचत होती. मावशी, तुमच्या लुगड्याच्या घडीला पीयूएल नव्हतं. मावशी, २०१८ च्या जुलैत पॅडवरचा १२ टक्के जीएसटी गेला म्हणून सगळे पेढे वाटतात, पण माल करमुक्त झाला की कापडावर, बटणांवर भरलेला कर आम्हाला परत मिळत नाही, तो त्या साडेचारशेतच बसलेला असतो. मावशी, कापूस आपल्या परभणी-जालन्याचा असेलही, पण होजिअरी मला तिरुपूरहून आणावी लागते. रिक्षावाल्यानं आरशातून दोनदा बघितलं. बहुतेक ओठ हलत होते.

मला एवढं का लागावं? लोकांनी याहून वाईट बोललेलं आहे. दादा तर दर दिवाळीला "अजून किती दिवस" विचारतो, आणि त्याचे पैसे अडकलेत म्हणून मी ऐकून घेते. आई पाहुण्यांना सांगते, "तिचं शिलाईचं असतं काहीतरी." शिलाईचं काहीतरी! पुण्यातली नोकरी सोडून लातूरला परत येऊन चार वर्षं मी शिलाईचं काहीतरी करतेय. फेब्रुवारीत मशीनची मोटर जळाली, मे महिन्यात तेवढी २८ तारखेच्या पाळी दिनासाठी संस्थांची मागणी येते, जूनमध्ये पुन्हा सगळे गप्प. इतकं करून एका बाईनं तीन अक्षरांत माझा धंदा सांगून टाकला.

आणि खोटं कुठं बोलली? फडकंच आहे. मी 'कापडी पॅड' म्हणते. फडकं म्हटलं की मलाच फरशी पुसायचं आठवतं. तिला नसेल आठवत. तिच्या घरात भाकरी फडक्यात बांधतात, बाळ फडक्यात गुंडाळतात. घाण वास मलाच आला त्या शब्दाला. शाळेत जाऊन पोरींना 'यात घाण काही नाही' सांगणारी मी!

नळ आला. बारा वाजून दहा मिनिटं.

टाकी भरतेय. मोटरचा आवाज ऐकत बसलेय आणि तिचा दुसरा प्रश्न आता कुठे ऐकू येतोय. वाळतं कवा.

मी सगळ्यांना सांगते, कडक उन्हात वाळवा, साडीखाली दडपून नको. मग बाया विचारतात, धुवायला पाणी? मी हिशोब सांगते, एका पॅडला किती तांबे. पण २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा मी स्वतः काय वापरत होते? विकतचे, वापरून फेकायचे. घागरीसाठी रांगेत उभं राहायचं आणि वर कापड धुवायचं, हे सुचलंही नव्हतं. हे मी स्टॉलवर कधी सांगत नाही.

आणि धारूरकडची ती बाई. गेल्या दसऱ्याआधी, ऊसतोडीची टोळी निघताना, सहा नग घेऊन गेली होती. तिथल्या झोपडीवजा कोपीत वाळवायला दोरी कुठे बांधणार, हे मी विचारलं नाही. यंदा फोन केला तर म्हणाली, "आता लागत न्हाईत ताई, गर्भाची पिशवी काढली." वय विचारायचं धाडस झालं नाही. ते आज नको.

जाड आहे, हे मात्र खरं. पावसाळ्यात माझं पॅड वाळायला दीड दिवस घेतं. मधल्या थरात ओल राहिली की वास येतो, आणि गिऱ्हाईक मला सांगत नाही, परत येत नाही एवढंच. म्हातारीच्या लुगड्याचा तुकडा धुतला की उलगडायचा, एकेरी व्हायचा, तासाभरात खडखडीत. तिचं फडकं त्या बाबतीत माझ्या पॅडपेक्षा शहाणं होतं. लिहिताना हसू येतंय. चार थर मी अभिमानानं शिवून बंद करते, जसं काही आत दागिना आहे.

घडीचे पॅड मी शोधलेले नाहीत, कितीतरी जणी करतात. माझ्याच डोक्यात होतं की ते घरगुती दिसतं. मघाशी एक जुनं उसवलं. पीयूएलची पट्टी आणि बटणं वेगळी ठेवली, फ्लॅनेलचा एकच लांब तुकडा केला, चार घड्या घालून वर अडकवता येईल असा. मशीनचा आवाज नको म्हणून कडा हातानंच दुमडल्या. वाकड्या झाल्यात. सुनंदाबाईंना फोटो पाठवला, त्या एवढ्या रात्री जाग्या असतील असं वाटलं नव्हतं. त्यांच्याकडेही पाणी आलेलं असणार.

"ताई, हे तर फडकंच झालं की," त्यांचा आवाजी मेसेज आला. मागे बादली भरत होती.

धुऊन घरातच दोरीवर टाकलंय. पंखा मुद्दाम बंद ठेवलाय. सव्वादोन झाले, म्हणजे तास होत आला. मधे सुकलंय, कडा अजून ओल्या आहेत.