वडाखाली एक वाक्य

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी सकाळी पावणेसातला आमचं बडोद्याचं मराठी मंडळ दर वर्षीच्या मूक फेरीसाठी महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कला शाखेच्या दारात जमतं. त्या दिवसांत बडोद्यात सूर्य सव्वासातनंतर उगवतो. त्यामुळे आम्ही पोचतो तेव्हा इमारतीचा घुमट नुसता एक मोठा काळा आकार असतो आणि शाली-स्वेटरांतली माणसं एकमेकांना आवाजावरून ओळखत असतात. दीपप्रज्वलन, अध्यक्षांचे दोन शब्द, मागच्या वर्षीचा आढावा, सगळं रीतसर होतं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

मग मोबाइल पिशवीत जमा होतात आणि पाऊण तास कोणी बोलायचं नाही. चालायचं, थांबायचं, बघायचं.

1881 मध्ये सुरू झालेल्या बडोदा कॉलेजसाठी वास्तुविशारद चिझम यांनी विजापूरच्या गोलघुमटाचा आदर्श ठेवून ही इमारत उभारली, हे आमच्यातल्या बहुतेकांना पाठ आहे. अरविंद घोष इथे शिकवायचे हेही. पण उजाडताना पहिलं ऊन घुमटावर पडतं तेव्हा विटांचा रंग कसा पालटत जातो, हे मला पहिल्या फेरीपर्यंत ठाऊक नव्हतं. मी याच इमारतीत तीन वर्षं शिकले. तीन वर्षांत एकदाही मान वर केली नव्हती.

घुमटापासून आम्ही फाइन आर्ट्सच्या पुष्पबागेकडे वळतो. वाटेत शिरीष लागतात. पानं गळलेली असतात आणि वाळक्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळत असतात. बोलणं बंद असल्यामुळेच त्या ऐकू येतात. कुठूनतरी तांबटाची टुकटुक सुरू होते, पण तांबट काही दिसत नाही.

फाइन आर्ट्सच्या आवारात पाऊल टाकलं की माझी चाल आपोआप मंदावते. झाडांखाली, भिंतींच्या कडेला विद्यार्थ्यांची शिल्पं असतात. कुणी पुरं झालेलं, कुणी दगडातून अर्धंच बाहेर आलेलं, एखाद्यावर शेवाळ धरलेलं. हंसाबेन मेहता कुलगुरू असताना, 1950 मध्ये, ही शाखा सुरू झाली. चित्रकलेचे पहिले विभागप्रमुख ना. श्री. बेंद्रे. मूळचे इंदूरचे, आपल्याच मराठी घरातले. 1966 पर्यंत ते इथे होते. शंखो चौधरींनी शिल्पकलेचा विभाग उभा केला. आणि दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले होते, हे मी दर वर्षी मौन सुटल्यावर नव्या मुलांना सांगते. कलाभवन वेगळ्या आवारात आहे, फेरीत बसत नाही, पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. कीर्तिमंदिरातली नंदलाल बोसांची भित्तिचित्रं फेरीत घ्यावीत, असा आमच्यातल्या एका काकांचा दर वर्षीचा आग्रह असतो. त्यांचं खरं आहे. पण आजींचे पाय तिथवर पोचत नाहीत.

शेवटी वडाखाली सतरंज्या अंथरतात. प्रत्येकाने आज पाहिलेली एक गोष्ट एका वाक्यात सांगायची. माईक नाही, हार नाही. मी वर्षभर वाट बघते ती या अर्ध्या तासाची. गणपतीत व्यासपीठावर बोलणारे नेहमीचे असतात आणि ते छानच बोलतात. पण वडाखाली बोलतात ती एरवी तोंड न उघडणारी माणसं.

एका वर्षी दांडिया बाजारातल्या आजी म्हणाल्या, "साठ वर्षं मी हा घुमट रिक्षातून पाहिला, पायरी आज चढले." आणि लगेच पदराने चष्मा पुसायला लागल्या. चौथीतला एक मुलगा म्हणाला, "दगडातल्या बाईच्या कोपरात खारीने शेंग लपवलीय, कुणी काढू नका." एका घरची गुजराती सून, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं, थांबत थांबत मराठीत म्हणाली, "पारंबीला आमच्यात वडवाई म्हणतात, मला त्यात आई ऐकू येते." तिच्या सासूबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

म्हणूनच हजेरीचं दुखतं. हळदीकुंकवाला हॉल पुरत नाही, कोजागरीला दूध कमी पडतं आणि फेरीला तीस-पस्तीस माणसं. कार्यकारिणीतले काही जण थेट फेरीनंतरच्या सेव उसळीच्या वेळेला येतात, फोटोत उभे राहतात आणि जातात. त्यांचं मन दुखवायचा माझा हेतू नाही. पण त्या आजींचं वाक्य त्यांनी ऐकलं नाही, हे मला विसरता येत नाही.

आता आभार. कोणी सुटू नये म्हणून आज चिठ्ठीवरून लिहिते आहे. विद्यापीठाकडे दर डिसेंबरात परवानगीचा अर्ज घेऊन जाणारे आमचे चिटणीस. पहाटे हसतमुखाने फाटक उघडणारे पहारेकरी काका. पाच थर्मास चहा करणाऱ्या मांडवीच्या वहिनी, आणि बिनसाखरेचा वेगळा आणणाऱ्या त्यांच्या जाऊबाई. सतरंज्या टेम्पोने आणून परत नेणारे दोघे भाऊ. चाकाची खुर्ची देणारे डॉक्टर. मौन सुटल्यावर ओतकाम कसं होतं ते शांतपणे समजावणारी शिल्पकलेची विद्यार्थिनी. ती आता शिकून गेली, पण पहिली तीन वर्षं तीच होती. उशिरा येणाऱ्यांसाठी दारात उभे राहणारे आणि त्यापायी अर्धी फेरी हुकणारे जोशीपुऱ्यातले मामा. शेवटी कागदी कप वेचणारी मुलं. सेव उसळ वेळेवर पोचवणारे भाऊ, ज्यांनी एकदा तर्रीचे पैसेच घेतले नाहीत.

आणि मोबाइलची पिशवी शिवणाऱ्या काकू. हे नाव चिठ्ठीत नव्हतं, लिहिता लिहिता आठवलं आणि पोटात धस्स झालं. जुन्या इरकलीची ती पिशवी, आतून अस्तर लावलेली, मोबाइल एकमेकांवर घासू नयेत म्हणून. काकू दोन वर्षांपूर्वी मुलाकडे पुण्याला गेल्या. जाताना पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "अस्तर धुताना पिळू नको." नाडी मात्र यंदा विरली होती. गेल्या आठवड्यात मी नवी ओवली.