डिझायनर मीटिंगमध्ये एवढं का बोलतात?

आज पुन्हा एक सादरीकरण लांबलं, म्हणून हे लिहितोय. लोगो बघायला दहा सेकंद पुरतात. वेळ जातो तो टाकून दिलेल्या पर्यायांची कैफियत मांडण्यात. हिशेबाचा ताळा जुळला की विषय संपतो. चित्राला ताळा नसतो, मग कारणांची रांग लागते. शिवाय बऱ्याच जणांचा विचार बोलता बोलताच पक्का होतो (ऐकणाऱ्याचा जीव जातो, ते वेगळं).

घोळ क्रमाचा असतो: आधी प्रक्रिया, शेवटी काम. उलटं करा. काम दाखवा, अर्धा मिनिट गप्प बसा, मग ते कुणासाठी आणि कुठे वापरायचं हे दोन वाक्यांत सांगा. रद्द पर्याय वेगळ्या फाइलमध्ये, विचारलं तरच उघडायचे. आणि ‘कसं वाटलं?’ नको, ‘लहान आकारात नाव वाचता येतंय का?’ असं विचारा.