साडेदहा गुणिले पावणेनऊ

आमच्या आतल्या खोलीची फरशी बदलायची ठरली आणि मिस्त्रींनी टेप लावून माप सांगितलं, "साडेदहा बाय पावणेनऊ." भाची सहावीत. पूर्णांकयुक्त अपूर्णांकांचा गुणाकार नुकताच शाळेत झालेला, म्हणून क्षेत्रफळ काढायचं काम तिला दिलं. तिने १० गुणिले ८ केलं, १/२ गुणिले ३/४ केलं आणि लिहिलं : ८० ३/८ चौरस फूट.

"मामा, बेरजेत असंच करतो की! पूर्णांक वेगळे, अपूर्णांक वेगळे."

मुद्दा बिनतोड होता. "आधी अंशाधिक, म्हणजे छेदापेक्षा अंश मोठा असलेला एकच अपूर्णांक, करून घे" एवढं सांगितलं असतं तर तिने ऐकलंही असतं, पण मग तिचं काय चुकलं ते तसंच राहिलं असतं. म्हणून चौकटीच्या वहीत खोली काढली. लांबीत दहाजवळ एक रेघ, रुंदीत आठजवळ एक रेघ. खोलीचे चार तुकडे झाले. मोठा ८० चा आणि कोपऱ्यातला ३/८ चा तिच्याकडे होता. उरलेल्या दोन पट्ट्या तिने बोटाने दाखवल्या : १० × ३/४ म्हणजे साडेसात, आणि ८ × १/२ म्हणजे चार. साडेअकरा चौरस फूट जमीन बिनफरशीची राहिली असती. चारही मिळून ९१ ७/८. १० १/२ लिहिताना मधलं अधिकचं चिन्ह आपण गाळतो, सगळा घोळ तिथला.

मग अंशाधिकाची रीत तिला जाच वाटली नाही. दहा दुणे वीस आणि एक, २१/२. आठ चोक बत्तीस आणि तीन, ३५/४. अंश गुणिले अंश ७३५, छेद गुणिले छेद ८. भागून ९१, बाकी ७. तेच उत्तर.

पलंगावरून आई सगळं ऐकत होती. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाव, अर्धा, दीड, अडीच, साडेतीनचे सगळे पाढे तिचे लहानपणी पाठ झालेले. ती म्हणाली, "पावणेनऊ म्हणजे नवाला पाव कमी. साडेदहा नव्वे साडेचौऱ्याण्णव. त्यातून साडेदहाचा पाव काढ, अडीच आणि वर अर्धपाव, म्हणजे १/८. ब्याण्णवला अर्धपाव कमी." वही नाही, पेन नाही. भाची तिच्याकडे बघतच राहिली.

माझं मत विचाराल तर पाव-अर्ध्याच्या मापांना आईची रीत सरस. पण छेदात तीन किंवा सात आला की ती अडते, तिथे अंशाधिकच बरा. शिवाय त्यात काटाकाटी करता येते. २ २/३ × १ १/८ घ्या : ८/३ × ९/८, आठाला आठ उडाले, नऊला तिनाने भागलं, उत्तर ३. मुलं आधी ७२ आणि २४ करून बसतात आणि मग संक्षिप्त रूपासाठी घाम गाळतात. आणखी एक सवय तिला लावली, गुणाकाराआधी अंदाज बांधायची. उत्तर १० × ८ आणि ११ × ९ यांच्या मध्ये, म्हणजे ८० आणि ९९ च्या दरम्यान यायला हवं. तिचं ८० ३/८ अगदी काठावर होतं, तेवढ्यावरूनही शंका यावी.

फरशी दोन बाय दोनची. एकीचे चार चौरस फूट, म्हणजे ९१ ७/८ ला २३ पुरतात, असा भाचीचा हिशेब. वहीतली आकृती पुन्हा उघडली. मोठ्या तुकड्यात अख्ख्या २० बसतात. पाऊण फुटाच्या पट्टीला पाच तुकडे लागतात आणि एका फरशीतून दोनच निघतात, म्हणजे ३ फरश्या. अर्ध्या फुटाच्या पट्टीचे चारही तुकडे एकीतून निघतात. कोपरा उरलेल्या कापातून. झाल्या २४. मिस्त्रींनी चार-चारची सात खोकी मागवायला सांगितली. कापताना फुटतात म्हणाले.