पैसे मंजूर, पण वडिलांची सही आणा

मनोधैर्य योजनेचे पैसे, म्हणजे लैंगिक अत्याचार झालेल्या मुलींना राज्य सरकार देतं ती भरपाई, मुलींपर्यंत पोचत नाहीत म्हटलं की सगळे सरकारला शिव्या घालतात. माझा राग बँकेच्या काउंटरवर आहे.

मी मुलींच्या बालगृहात काम करते. देहव्यापारातून सोडवलेली एक अल्पवयीन मुलगी बाल कल्याण समितीच्या आदेशाने आमच्याकडे आली. पॉक्सोची (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याची) कलमं लागलेली, म्हणून मनोधैर्यचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे केला. (अजूनही कुणी कुणी महिला व बालविकास कार्यालयात पाठवतात, ऐकू नका.) कागद वेळेत मिळाले, अर्ज मंजूर झाला. आता फक्त तिच्या नावाचं खातं हवं होतं.

बँकेतल्या मॅडमनी फॉर्मवरच्या ‘नैसर्गिक पालक’ या रकान्याभोवती पेन्सिलीने गोल काढला. “वडिलांची सही आणि आधार.” वडील त्याच केसमध्ये आरोपी. हे भर गर्दीत कसं सांगायचं? मुलीची ओळख उघड करणं हाच मुळी गुन्हा. मी समितीचा आदेश पुढे केला. “हा कोर्टाचा नाही.” समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत, बाल न्याय कायद्यातच तसं लिहिलंय, म्हटलं. “आमच्या सिस्टीममध्ये तसं येत नाही. आईची सही चालेल.” आई गावी, फोन बंद, आणि तीही सामील होती का, हे पोलिसांनाही ठाऊक नाही. मॅनेजरसाहेबांनी फाइल ‘लीगल’ला पाठवली. लीगल नेमकं कुठे बसतं, हे शाखेत कुणालाच सांगता येईना. दर वेळी काउंटरला नवा माणूस आणि त्याचा पहिला प्रश्न, “मुलीला का नाही आणलं?” मागे पेन्शनच्या रांगेतले आजोबा कान टवकारून उभे.

शेवटी समितीकडून नवा आदेश घेतला. त्यात शाखेचं नाव, सहीसाठी आमच्या बालगृहाच्या अधीक्षिकेचं पद (नाव नको, बदली झाली की पुन्हा तेच) आणि समितीच्या परवानगीशिवाय पैसे निघणार नाहीत, असं सरळ वाक्य. शिवाय प्राधिकरणाच्या सचिवांनी मॅनेजरला पत्र दिलं. सचिव न्यायाधीश असतात. पत्र पोचलं आणि सिस्टीममध्ये सगळं यायला लागलं. आनंद व्हायला हवा होता, पण मला संतापच आला.

बँक एफआयआरची कॉपी मागते, देऊ नका. आदेश पुरतो. आधार नसेल तर संस्थाप्रमुखाच्या प्रमाणपत्रावर काढता येतं, ते अर्जाबरोबरच सुरू करा. आणि हो, कपडे, खाणं, प्रवास यांसाठी भरपाईवर अडून बसायचं कारण नाही. पॉक्सो नियम २०२० मधल्या नियम ८ खाली समिती तातडीच्या मदतीची शिफारस करते आणि ते पैसे आठवड्याच्या आत मिळायला हवेत. आम्हाला हे एका वकीलबाईंनी फार उशिरा सांगितलं.

रकमेचा मोठा भाग मुदत ठेवीत जातो. मुलगी पुढे तिच्या राज्यातल्या बालगृहात गेली तर ठेवीची मूळ पावती तिच्या फाइलबरोबर जाईल, हेही त्याच आदेशात लिहून घ्या.