झोलेन की म्युसेन?

‘म्युसेन म्हणजे मस्ट आणि झोलेन म्हणजे शुड, एवढं पाठ केलं की झालं ना?’ मी जर्मन शिकवते म्हटल्यावर हा प्रश्न कुठल्याही बॅचमध्ये येतोच. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: नाही झालं. ए-वनची, म्हणजे जर्मनच्या पहिल्या पातळीची, परीक्षा त्यावर सुटेल, पुढे मात्र अडेल.

ड्युर्फेन, क्योनेन, म्योगेन, म्युसेन, झोलेन, व्होलेन ही सहा मोडाल क्रियापदं, म्हणजे दुसऱ्या क्रियापदाला जोडून गरज, परवानगी, इच्छा असं काही सांगणारी. त्यांची रूपं चार दिवसांत तोंडात बसतात. ‘इश’ (मी) आणि ‘एर’ (तो) यांना एकच रूप, इश कान, एर कान, शेवटी ‘ट’ लावायचा नाही. खरी गोम रूपांत नाहीच. वाक्यामागे कुणाची मर्जी आहे, हे आधी बघायचं.

‘इश मुस आयनकाउफेन’: घरातलं दूध संपलंय, मला खरेदीला जावंच लागणार. ‘इश झोल आयनकाउफेन’: मला कुणीतरी पाठवलंय. म्युसेनमागे बहुतेक वेळा परिस्थिती उभी असते, झोलेनमागे दुसरा माणूस. ‘आईने सांगितलंय, मी दळण आणावं’ यातलं ‘आणावं’ म्हणजे झोलेन. ल्यूथरच्या जर्मन बायबलात ‘डू झोल्स्ट निश्ट श्टेलेन’, चोरी करू नकोस, असं आहे. तिथे सांगणारा साक्षात देव, म्हणून झोलेन. त्याला ‘शुड’ म्हणाल तर दहा आज्ञांचे दहा सल्ले होतील.

म्हणून मी मुलांना इंग्रजीच्या वळणाने जाऊ देत नाही. मराठीतून जा, वाट जवळची आहे. पण तिथेही एक चकवा आहे. ‘खिडकी उघडू का?’ असं आपण दोन वेगळ्या वेळी विचारतो. पाहुण्याला उकडतंय म्हणून विचारलं तर जर्मनमध्ये ‘झोल इश डास फेन्स्टर आउफमाखेन?’, म्हणजे तुमची इच्छा असेल तर उघडते. मलाच उकडतंय आणि खोली दुसऱ्याची आहे, तर ‘डार्फ इश?’, म्हणजे परवानगी आहे का; हे ‘डार्फ’ ड्युर्फेनचं. मराठीत ‘उघडू का’ दोन्हीकडे चालून जातं, जर्मन मात्र तुम्हाला आधी ठरवायला लावते.

नकार आला की इंग्रजी तर थेट खड्ड्यात घालते. ‘मस्ट नॉट’ डोक्यात ठेवून ‘म्युसेन’ला ‘निश्ट’ (नाही) जोडला की अर्थ उलटतो. नर्सिंगसाठी जर्मनीला निघालेल्यांकडून तर मी ही जोडी घोटूनच घेते. ‘डेर पात्सिएन्ट डार्फ निश्ट आउफश्टेएन’, पेशंटने उठायचं नाही. ‘डेर पात्सिएन्ट मुस निश्ट आउफश्टेएन’, पेशंटला उठायची गरज नाही, वाटलं तर उठू दे. नुकतं ऑपरेशन झालेल्या माणसाच्या बाबतीत हा फरक व्याकरणापुरता राहत नाही.

वाक्यरचनेला तर घाबरायचं कारणच नाही. ‘मला उद्या काम करावं लागतं’ यात ‘लागतं’ शेवटी येतं. जर्मन गौणवाक्यातही, म्हणजे ‘कारण’सारख्या शब्दाने मुख्य वाक्याला जोडलेल्या वाक्यातही, तेच: ‘वाइल इश मॉर्गेन आरबाइटेन मुस’, कारण मला उद्या काम करावं लागतं. साध्या वाक्यात फक्त ‘मुस’ उचलून दुसऱ्या क्रमांकावर ठेवायचा, ‘आरबाइटेन’ शेवटीच राहू द्यायचं. सांभाळायचं ते ‘मला’ला. त्याच्या नादाने जीभ ‘मिर’कडे (मला) वळते, तिथे ‘इश’च हवं.

झोलेनचा आणखी एक उपयोग मला फार आवडतो. ‘एर झोल राइश झाइन’: तो म्हणे श्रीमंत आहे. इथेही बोलणं दुसऱ्याचंच, म्हणून झोलेन. आणि ‘एर विल निश्ट्स गेझेएन हाबेन’: त्याने म्हणे काहीच पाहिलं नाही. हे ‘विल’ व्होलेनचं. पहिल्या वाक्यात लोक बोलतात, दुसऱ्यात तो स्वतःच दावा करतोय आणि सांगणाऱ्याला तो फारसा पटलेला नाही. जर्मन वर्तमानपत्रांत अशी वाक्यं भेटतात. तुमची ए-टूची परीक्षा जवळ आली असेल तर ही दोन आत्ता सोडून द्या, बी-टूला पुरेसा वेळ मिळेल.