दोन्ही बाजू सारख्या नसतात

विजेवरच्या रेल्वेच्या शंभरीनिमित्त आजच्या इंजिनावर चिकटवायच्या डिझाइनचं प्रूफ आलं आणि दिवसभर डोक्यात तेच. रंग ठीक. इंजिनाचा नंबर आणि शेडचं नाव कुठे झाकलं जात नाही. चित्रातलं जुनं इंजिन, खेकडा, तर सुरेख उतरलंय. छपरावर हिऱ्याच्या आकाराचे जुने पँटोग्राफ (वरच्या तारेतून वीज घेणारे सांगाडे) दाखवलेत, हल्लीचे एका हाताचे नाहीत. पण चित्र एकाच बाजूचं. तेच उलटं करून दुसऱ्या बाजूला लावलंय.

खेकडा म्हणजे डब्ल्यूसीजी-१, १९२८ पासून आलेलं, बोर आणि थळ घाटात मालगाड्या चढवलेलं इंजिन. त्याच्या मोटारी जॅकशाफ्ट, म्हणजे चाकांशेजारचा एक आडवा दांडा, फिरवतात आणि तिथून दांड्यांनी एका बोगीचे, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या एका गाड्याचे, तिन्ही अ‍ॅक्सल एकत्र फिरतात. डाव्या आणि उजव्या क्रँकमध्ये, म्हणजे दांडी चाकाला जिथे जोडतात त्या भागांमध्ये, नव्वद अंशांचा फरक ठेवावाच लागतो. दोन्ही बाजू एकदम डेड सेंटरला आल्या, म्हणजे दांडी आणि क्रँक एका रेषेत आले, तर दांड्यांतून चाकाला जोरच मिळणार नाही. म्हणून डावीकडे दांडी तळाला असेल, तर उजवीकडे ती चाकाच्या मध्यरेषेवर हवी. प्रूफात दोन्हीकडे तळाला आहे. असं इंजिन नीट चालेल का?

कुणाला सांगावं? दोन्ही बाजू एकदम कुणालाच दिसत नाहीत, म्हणजे हे कुणाच्या लक्षातही यायचं नाही. ज्यांनी त्या दांड्यांना तेल घातलं ते आता... असो.

खरी काळजी व्हिनाइलची, म्हणजे चित्र ज्यावर छापून चिकटवायचं त्या प्लास्टिकच्या पातळ कागदाची, करायला हवी. साधं कॅलेंडर्ड (रुळांत दाबून ताणलेलं) व्हिनाइल उन्हात आकसतं, कास्ट (ओतून केलेलं)च घ्यायचं. आधी तेलकटपणा काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, खोबणीत बसवल्यावर हीट गनने साधारण नव्वद अंश सेल्सियसपर्यंत तापवायचं, नाहीतर तिथूनच सुटतं. इंजिन दोन्ही दिशांना धावतं, त्यामुळे उभा जोड कसाही ठेवला तरी एका फेरीत वारा त्याच्या कडेत शिरणारच. तो पॅनलच्या फटीवर आणून कडा सील करायची. आडव्या जोडाला वरचा पट्टा खालच्यावर, म्हणजे धुताना पाणी आत जात नाही. आणि लूव्हर, म्हणजे हवा आत जायच्या झडपांच्या जाळ्या, कापून मोकळे ठेवायचे. प्रूफात चित्र त्यांच्यावरून गेलंय! हवा अडली तर मोटारी तापतील. दांडी चुकीची राहिली तर काहीच तापणार नाही, हेही खरं.

म्हणून प्रूफाच्या उत्तरात लूव्हर पहिले. त्याखाली उजव्या बाजूचं रेखाटन: चाकं, बॉडी तशीच, फक्त क्रँकच्या पिना नव्वद अंश फिरवलेल्या आणि दांडी मध्यरेषेवर. बदललं तर उत्तम. नाही बदललं, तरी निदान लोक खेकड्याचा फोटो काढतील.